सेकंदाला साडेचार टँकर

पहाटे साडेपाचला देवळालीत लॅम रोडलगतच्या आमच्या गल्लीत लोखंडी झाकण खणकतं. चावीवाला आला. छातीएवढ्या उंचीची ती लांब चावी तो खड्ड्यातल्या व्हॉल्व्हवर बसवतो आणि तोंडातल्या तोंडात आटे मोजत फिरवतो. मोरीतला नळ आधी फुसफुसतो, दोन गचके देतो, मग दारणा नदीचं पाणी पिंपात पडू लागतं. माझं पिंप दोनशे लिटरचं. ते भरेपर्यंत उभं राहायचं, एवढाच माझा पाण्याचा हिशेब होता. एकदा मुंबईचा मांडून बघितला आणि बसूनच राहिलो.

मुंबई महापालिका दिवसाला साधारण 3,850 दशलक्ष लिटर पाणी पुरवते. आकडा असा वाचला तर डोक्यावरून जातो, म्हणून त्याला सेकंदात आणलं. सेकंदाला सुमारे 44,500 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर एक सेकंद सरेपर्यंत साडेचार टँकर रिकामे. दिवसाचे 3 लाख 85 हजार. एकेक टँकर आठ मीटर लांब धरून ओळीनं उभे केले, तर रांग तीन हजार किलोमीटरच्या पुढे जाते. देवळाली ते मुंबई अंतर त्यात सतरा वेळा बसतं. आणि ही रांग रोजची आहे.

हे पाणी येतं सात तलावांतून. सगळे काठोकाठ भरले की 14,47,363 दशलक्ष लिटर, म्हणजे जेमतेम वर्षाची बेगमी. त्यातला अप्पर वैतरणा आमच्याच जिल्ह्यात, घोटीच्या पुढे. त्याची क्षमता 2,27,047 दशलक्ष लिटर. भागाकार केला तर एकोणसाठ दिवस येतात. मुंबईचे वर्षातले दोन महिने नाशिक जिल्ह्यात पडलेल्या पावसावर निघतात! त्र्यंबकच्या डोंगरात एका अंगाला पडलेला थेंब गोदावरीतून बंगालच्या उपसागराला निघतो, दुसऱ्या अंगाचा वैतरणेतून मुंबईकराच्या चहात पडतो.

आता रोम. पाण्याची गोष्ट निघाली की सगळे रोमच्या कमानींपाशी जाऊन थांबतात. खरं तर तिथल्या कालव्यांचा बहुतेक भाग जमिनीखालून जायचा. इसवी सन 97 मध्ये सम्राट नेर्व्हानं फ्रंटिनस नावाच्या अनुभवी माणसाला पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं, तेव्हा शहराला नऊ कालवे होते. त्यातल्या एकट्या मार्सिया कालव्याची लांबी 91 किलोमीटर. फ्रंटिनसनं या कामावर लिहिलेलं पुस्तक आजही वाचता येतं, आणि मला त्यातल्या कमानींपेक्षा माणसांचे आकडे मोठे वाटतात. देखभालीला 700 गुलाम: 240 सेनापती अग्रिप्पानं उभ्या केलेल्या तुकडीतले, 460 सम्राट क्लॉडियसनं वाढवलेले. कोणी हौद सांभाळणारे, कोणी फिरून तपासणारे, कोणी गिलावा करणारे, कोणी फरसबंदी उकलून पुन्हा बसवणारे. चुनखडीचं पाणी कालव्यात दगडासारखा थर धरायचं. तो काढत राहावं लागे. ऐन उन्हाळ्यात दुरुस्ती नको आणि एका वेळी एकच कालवा बंद, असा त्याचा दंडक होता. उद्या कोणी काय करायचं ते आदल्या दिवशी ठरवायचं, आणि झालेलं काम रोज नोंदवायचं. आधी हीच माणसं वशिलेवाल्यांच्या खासगी कामांना जुंपली जात होती.

मग त्यानं मोजणी केली. दप्तरात मार्सियाचं पाणी 2,162 मापं लिहिलेलं. उगमापाशी जाऊन मोजलं तर 4,690. दुपटीहून जास्त! शहरात रस्त्यांखालून चोरनळ्या निघाल्या. नळ्यांना भोकं पाडून पाणी विकायचा तर धंदाच चालला होता, त्याचा वेगळा मुकादमही होता. चोरट्या जोडण्या उखडल्या तेव्हा नळ्यांच्या शिशाचा ढीग निघाला.

रोमच्या सगळ्या कालव्यांचं मिळून रोजचं पाणी किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वरच्या टोकाचा अंदाज दिवसाला दहा लाख घनमीटर, म्हणजे 1,000 दशलक्ष लिटर. मुंबईत गळती आणि चोरी मिळून जवळपास तिसरा हिस्सा जातो, असं सांगतात. मी तीसच टक्के धरले, तरी 1,155 येतात. साम्राज्याच्या दहा लाख वस्तीच्या राजधानीला पुरलेलं पाणी, आणि वर थोडं, मुंबईच्या नळांपर्यंत पोचण्याआधीच दिसेनासं होतं. हा हिशेब मी तीन वेळा तपासला.

उपाय मात्र दोन्हीकडे ओळखीचे वाटतात. रोमन कायद्यानं कालव्याच्या कमानी आणि भिंतींच्या दोन्ही बाजूंना पंधरा फूट जागा मोकळी ठेवायला लावली होती. तानसाच्या जलवाहिनीलगत दहा-दहा मीटर मोकळे करा, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं. आणि जलवाहिनी संपते तिथून पुढे मुंबईतही चावीवालेच असतात. विभागवार वेळा ठरलेल्या, शेकडो व्हॉल्व्ह, रोज उघडायचे नि रोज मिटायचे. एक विसरला तर एक अख्खी वस्ती कोरडी.

साडेसातला आमचा चावीवाला परत येतो. मी एकदा त्याच्याशेजारी उभा राहून आटे मोजले. मध्येच काही विचारायला गेलो, तर त्यानं हातानंच थांबवलं. पुरे मिटल्यावर म्हणाला, "मोजताना बोलायचं नसतं, काका. एक आटा चुकला तर टेकडीवरच्या बायकांना कळतं."