एक कॉफी, दोन नावं

■ भांडं : तळाशी रुंद, गळ्याशी निमुळतं, लांब दांड्याचं. तुर्कस्तानात ‘जेझवे’, ग्रीसमध्ये ‘ब्रीकी’.

■ कृती : पिठासारखी बारीक दळलेली कॉफी, साखर आणि गार पाणी एकत्रच मंद आचेवर ठेवतात. फेस वर चढला की खळखळून उकळण्याआधी उतरवतात. गाळत नाहीत, गाळ कपातच खाली बसू देतात.

■ साखर : किती हवी ते आधीच सांगायचं, नंतर ढवळलं तर गाळ वर येतो. बिनसाखरेची ती तुर्कीत ‘सादे’, ग्रीकमध्ये ‘स्केतोस’. ‘सादे’ आणि आपला ‘सादा’, दोन्ही मूळचे फारसी.

■ रीत : तुर्कस्तानात मुलगी मागायला आलेल्या पाहुण्यांना मुलगीच कॉफी देते. नवऱ्या मुलाच्या कपात मात्र साखरेऐवजी मीठ! त्यानं तोंड वाकडं न करता ती संपवायची.

■ भविष्य : रिकामा कप बशीवर पालथा घालतात आणि गाळाच्या नक्षीवरून भविष्य सांगतात.

■ नाव : ग्रीसमध्येही पूर्वी ही ‘तुर्की कॉफी’च होती. १९७४ मध्ये तुर्कस्ताननं सायप्रसवर आक्रमण केल्यानंतर ‘ग्रीक कॉफी’ हे नाव रूढ झालं.

■ मान : तुर्की कॉफीची संस्कृती २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आली.