वळण संपलं, दिवा चालूच

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर अनोळखी माणसं एकमेकांना हमखास तीन हाका मारतात. ‘स्टँड!’, ‘ओढणी!’ आणि ‘इंडिकेटर!’ पहिल्या दोन हाकांमागे जिवाची भीती असते, त्यामुळे त्या घसा खरवडून येतात. तिसरीला बहुतेक वेळा आवाजही लागत नाही. शेजारून पुढे जाणारा हाताची बोटं दोन-तीनदा मिटून उघडतो, तेवढ्यावर समोरच्याला कळतं. अंगठा चाचपडत खटक्यापाशी जातो, लुकलुक थांबते, आणि सांगणारा तोवर गर्दीत दिसेनासा झालेला असतो.

यातली गंमत अशी, की ज्याला हे सांगावं लागलं त्याने अवघड भाग चोख पार पाडलेला असतो. वळायचंय हे वेळेत लक्षात ठेवलं, आरसा पाहिला, इंडिकेटर लावला, वेग कमी केला, समोरून येणारी रिक्षा जाऊ दिली आणि मग वळला. कसलीही खूण न देता कानाजवळून सुळकन वळणाऱ्यांपुढे हा सज्जनच म्हणायचा. उरलं होतं ते बोटाच्या पेराएवढं काम. नेमकं तेवढंच राहिलं. शेवटचंच का राहतं?

हे कोडं गाडीबाहेरही भेटतं. झेरॉक्स काढून होते, प्रती हातात येतात, आणि मूळ मार्कलिस्ट यंत्राच्या काचेवरच राहते. एटीएममधून आधी नोटा आणि मग कार्ड यायचं, तेव्हा माणसं नोटा मोजत बाहेर पडायची आणि कार्ड मागेच राहायचं. १९९७ साली मायकेल बर्न आणि सुझन बोव्हेअर या मानसशास्त्रज्ञांनी ही चूक प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून पाहिली. ‘स्टार ट्रेक’च्या धर्तीवर त्यांनी संगणकावर एक काम रचलं. शत्रूच्या यानावर नेम धरायचा, ते उडवायचं, आणि ते उडालं की नेम धरणारी यंत्रणा बंद करायची. यान उडवेपर्यंत पायऱ्या नीट व्हायच्या. शेवटचं ‘बंद करा’ मात्र निसटायचं, आणि डोक्यावर आणखी काही लक्षात ठेवायचा बोजा टाकला की जास्तच निसटायचं.

त्यांनी दिलेलं कारण मला फार मार्मिक वाटतं. मनात उद्दिष्ट जागं असतं तोवर ते आपल्या पायऱ्यांना धरून ठेवतं. उद्दिष्ट पुरं झालं, की मन तो विषय मिटवून टाकतं, आणि मागे राहिलेल्या एखाद्या पायरीला आधारच उरत नाही. चालकाचं उद्दिष्ट ‘वळणं’ हे होतं. ‘दिवा विझवणं’ हे त्याचं उद्दिष्ट कधीच नव्हतं. वळून झालं त्या क्षणी त्याचं मन पुढच्या खड्ड्याकडे लागलेलं असतं.

एटीएमवाल्यांनी शहाणपणा करून क्रमच उलटा केला: आधी कार्ड काढा, मग पैसे. इंडिकेटरला ही युक्ती लागू पडत नाही, कारण वळण्याआधी तो बंद करून चालणार नाही. मग ती शेवटची आठवण माणसाच्या डोक्याबाहेरच कुठेतरी ठेवायला हवी. ती ठेवली गेली स्टिअरिंगच्या दांड्यात. अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९३९च्या मोटारींना लुकलुकणारे इंडिकेटर दिले आणि १९४०च्या मॉडेलमध्ये ते आपोआप बंद होण्याची सोय केली. गाडीत ना संगणक, ना सेन्सर. तरी वळण संपल्याचं तिला कळायचं.

ते असं. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक छोटा उंचवटा असतो, तो चाकाबरोबर गोल फिरतो. इंडिकेटरची दांडी वर किंवा खाली केली, की स्प्रिंग लावलेली एक खिट्टी त्या उंचवट्याच्या वाटेत येऊन उभी राहते. डावीकडे वळायला चाक डावीकडे फिरवलं, की उंचवटा खिट्टीला भिडतो. पण त्या बाजूने खिट्टी दबते आणि त्याला जाऊ देते. (जुन्या गाडीत कान दिलात तर तो बारीक ‘कट्’ ऐकू येतो.) वळून झालं, चाक सरळ होऊ लागलं, उंचवटा उलटा परत आला. आता मात्र खिट्टी दबत नाही. तिला धक्का बसतो आणि ती दांडीला सोबत घेऊनच मधल्या जागेवर परतते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये हीच करामत असते, एका दिशेने सोडायचं आणि दुसऱ्या दिशेने पकडायचं. जाणं आणि परत येणं यांतला फरक एका स्प्रिंगला कळतो! ऐंशीहून अधिक वर्षं झाली, ही करामत अजून अनेक गाड्यांत तशीच चालू आहे.

पण खिट्टीला रस्ता दिसत नाही. तिला फक्त चाक किती फिरलं ते कळतं. काटकोनी चौकात चाक भरपूर फिरतं आणि सगळं सुरळीत पार पडतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने लेन बदलताना मात्र चाक जेमतेम काही अंश हलतं. उंचवटा खिट्टी ओलांडतच नाही, त्यामुळे परत येऊन तिला ढकलण्याचा प्रश्नच येत नाही. मग ती गाडी उजवा दिवा मिचकावत खुशाल कोसभर सरळ जाते. घाटात याच्या उलट होतं. ओव्हरटेक करायला म्हणून उजवा दिवा लावावा, तर मधल्याच एका वाकणाने तो विझवलेला असतो. २०१२ साली अमेरिकेत रिचर्ड पोन्झियानी यांनी १२,००० वळणाऱ्या गाड्या पाहून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. लेन बदलताना ४८ टक्के वेळा चालकांनी इंडिकेटर एकतर लावला नव्हता, नाहीतर लावून बंद केला नव्हता. चौकात वळतानाचा दोष सुमारे २५ टक्क्यांवर होता. खिट्टीची मर्यादा बहुधा या फरकातही डोकावते.

यावर उपाय निघाले. दांडीला नुसती टिचकी मारली की तीनदा लुकलुकून दिवा आपला आपण विझतो, ही सोय आता बऱ्याच मोटारींत असते. टेस्लाने तर २०२३ च्या मॉडेल ३ मधून दांडीच काढून टाकली आणि चाकावर बटणं बसवली. चाक वळवलं की बटणंही वळतात, आणि गोल चौकातून बाहेर पडताना डावं बटण कुठे गेलं हे शोधावं लागतं. लोकांनी व्हायची ती कुरकुर केलीच. जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाची शोरूम उघडली. तिथे विकायला ठेवलेल्या मॉडेल वायला इंडिकेटरची दांडी आहे.

इतकी टिकटिक होत असताना ती चालकाला ऐकू कशी येत नाही, हा प्रश्न उरतोच. मुळात ती टिकटिक आठवण करून देण्यासाठी जन्मलीच नव्हती. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असायची. तिच्यातून वीज वाहू लागली की ती तापायची, दोन्ही धातू कमी-जास्त फुगल्यामुळे वाकायची, जोड सुटायचा, दिवा विझायचा. गार झाली की सरळ व्हायची आणि दिवा पुन्हा लागायचा. ठोका पडायचा तो पट्टीच्या या उठाबशांचा. पुढे रिले आले, मग इलेक्ट्रॉनिक सर्किट आलं. त्याला आवाज करायचं काही कारण उरलं नाही. तेव्हा अभियंत्यांनी तो स्पीकरमधून ऐकवायला सुरुवात केली. आजच्या अनेक मोटारींतली टिकटिक ही अशी वाजवलेली टिकटिक आहे.

नियमाने इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा लागतो. ही मुभा असल्यामुळेच लाल सिग्नलला उभ्या गाड्यांचा तो खेळ दिसतो: पुढच्या दोन गाड्यांचे दिवे एका तालात येतात, हळूहळू फाकतात, अगदी उलटसुलट होतात आणि पुन्हा जुळतात. एक मिनिटाला ९० वेळा आणि दुसरा ८५ वेळा लुकलुकत असेल, तर दर १२ सेकंदांनी त्यांची गाठ पडणार. सिग्नलला वेळ घालवायला याहून चांगला उद्योग मला ठाऊक नाही.

पण एकाच तालात, एकाच पट्टीत चालणारा आवाज हाच मेंदूला पुसून टाकायला सर्वांत सोपा. ही सवय इतकी जुनी आहे की ती समुद्री गोगलगाईतही सापडते. एरिक कँडेल यांनी अप्लिशिया नावाच्या अशा गोगलगाईला हलकेच स्पर्श करून पाहिला. सुरुवातीला ती कल्ला आत ओढून घ्यायची. तोच स्पर्श पुन्हा पुन्हा झाला, की तिचा प्रतिसाद मंदावत जायचा. त्या वेळी चेतापेशींच्या जोडावर संदेश देणारं रसायनच कमी सुटतं, हे त्यांनी दाखवलं. स्मरणशक्तीवरच्या अशा कामासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळालं. घरातला पंखा, भिंतीवरचं घड्याळ आणि इंडिकेटर या सगळ्यांची वाट तीच. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत म्हणूनच इंडिकेटर लावून सुमारे १.२ किलोमीटर गेलं, की एक वेगळीच घंटा वाजते. टिकटिकेचा विसर पडलाय हे टिकटिक सांगू शकत नाही, त्यासाठी तालाबाहेरचा आवाज लागतो.

आता दुचाकी. आपले रस्ते तिचेच, आणि विसरण्याचा खरा मुलूखही तिचाच. वळताना दुचाकी झुकते, हँडल फारसं फिरत नाही, तेव्हा खिट्टी कामाची नाही. हेल्मेटच्या आत वाऱ्याचा घोंघाट, तेव्हा टिकटिकही नाही. शिवाय बहुतेक नव्या गाड्यांवर खटका डावीकडे सरकवून सोडला की मधे परत येतो, आणि बंद करायला तो आत दाबावा लागतो. म्हणजे इंडिकेटर चालू असो वा बंद, अंगठ्याला खटका एकाच जागी सापडतो. उरतो मीटरवरचा हिरवा ठिपका, तोही दुपारच्या उन्हात फिकट. एकेकाळी आपल्याकडे इंडिकेटरबरोबर ‘पीप-पीप’ करणारा बझर बसवून घ्यायची टूम होती. अख्खी गल्ली वैतागायची, पण इंडिकेटर विसरायची कोणाची छाती नव्हती!

यामाहाने १९७०च्या दशकात काही मोटारसायकलींवर जे केलं ते मात्र देखणं होतं. हँडल काही सांगत नाही ना, मग वेळ आणि अंतर दोन्ही मोजा. साधारण १० सेकंद आणि साधारण १५० मीटर, यांतलं जे नंतर पुरं होईल तेव्हा दिवा बंद. नुसती वेळ मोजली असती तर सिग्नलला उभं असतानाच दिवा विझला असता. नुसतं अंतर मोजलं असतं तर वेगात जाताना लेन बदलण्याआधीच तो गेला असता. वळण म्हणजे काय, याची ही खिट्टीपेक्षा अगदी निराळी व्याख्या आहे. ती आपल्या रोजच्या स्कुटरवर का रुळली नाही, याचं मला नवल वाटतं.

आणि ट्रक. दुपदरी रस्त्यावर पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर लावतो तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ ‘समोर मोकळं आहे, जा पुढे’ असा असतो. काही जण त्यासाठी डावा लावतात. याला उगाच अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. १९८९च्या रस्त्याच्या नियमांत मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठी हाताची वेगळी खूण होती, उजवा हात बाहेर काढून मागे-पुढे हलवायचा. दिवे आले ते डावा आणि उजवा असे दोनच. तिसऱ्या खुणेला दिवाच मिळाला नाही, तेव्हा ती उजव्या दिव्यात शिरली असावी, असा माझा तर्क. त्यामुळे ट्रकच्या मागचा उजवा दिवा लुकलुकत असेल तर तीन शक्यता उरतात: तो उजवीकडे वळतोय, तो तुम्हाला साइड देतोय, किंवा मागच्या गावात लावलेला दिवा तो विसरलाय. पहिलीत पुढे घुसणं जिवावर बेतेल, दुसरीत थांबलात तर मागचे हॉर्न वाजवतील. मुरलेला चालक अशा वेळी दिव्याकडे बघतच नाही. ट्रकचा वेग उतरतोय का, त्याची पुढची चाकं तिरपी होतायत का, उजवीकडे एखादा फाटा, ढाबा किंवा पेट्रोल पंप आहे का, हे तो आधी बघतो.