झाकलेले ताट

डिसेंबर महिना उतरणीला लागला की मराठवाड्यात थंडी चांगलीच जाणवू लागते. जालन्याच्या आसपासच्या शिवारात कापसाची वेचणी चाललेली असते, तुरीच्या शेंगा भरत असतात आणि कडब्याच्या गंजी रचून ठेवलेल्या असतात. सकाळी शाळेला निघालेली मुले तळहात चोळीत, उन्हाचा पट्टा शोधीत चालतात. याच दिवसांत काही घरांच्या दारांवर कागदी चांदण्या झळकू लागतात आणि स्वयंपाकघरातून तळणाचा खमंग वास येतो. दिवाळी तर केव्हाच होऊन गेली; मग हा वास कसला? ख्रिस्ती कुटुंबांत नाताळची तयारी सुरू झालेली असते.

नाताळ हा येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव होय. तो २५ डिसेंबरला साजरा करतात. येशूच्या जन्माचा नेमका दिवस बायबलमध्ये सांगितलेला नाही. परंतु रोम शहरात इ. स. ३३६ च्या सुमारास हा दिवस जन्मदिन म्हणून पाळला जात होता, असे जुन्या नोंदींवरून दिसते. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ जन्म असा आहे. वास्को द गामा हिंदुस्थानचा मार्ग शोधीत असता १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या एका किनाऱ्याजवळून गेला, म्हणून त्या किनाऱ्यालाही त्याने हेच नाव दिले. पुढे महात्मा गांधींनी ज्या नाताळ प्रांतात आपल्या देशबांधवांसाठी लढा दिला, तो प्रांत हाच.

जालन्याशी या सणाचा संबंध बराच जुना आहे. कुंडलिका नदीच्या काठचे हे शहर पूर्वी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. येथे लष्कराची छावणी होती आणि व्यापारही मोठा होता. मुंबईत १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हे पुढे जालन्यास आले. ते जन्माने ब्राह्मण होते. परंतु त्यांचे पुष्कळसे काम ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानीत, अशा लोकांमध्ये झाले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत त्यांना जमीन मिळाली आणि जालन्याजवळ त्यांनी एक वसाहत वसवली. तिचे नाव त्यांनी ‘बेथेल’ ठेवले. बेथेल म्हणजे देवाचे घर. ज्यांना गावात मानाने उभे राहण्यासही जागा नव्हती, त्यांना तेथे शेती, शाळा आणि स्वतःचे घर मिळावे, हा त्यामागील हेतू होता. १८९१ मध्ये नारायण शेषाद्री निवर्तले.

आता घरातील तयारी पाहू. दारावर लावायची चांदणी मुले स्वतः करतात. आकाशकंदील करताना वापरतो त्याच बांबूच्या कामट्या, तोच रंगीत कागद आणि तीच खळ! फक्त कामट्यांची बांधणी पाच टोकांची करावयाची. आत दिवा लावला की रात्री ती दुरूनही दिसते. येशूच्या जन्माच्या वेळी पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना एका ताऱ्याने वाट दाखवली, अशी बायबलमध्ये कथा आहे. तिची आठवण म्हणून ही चांदणी लावतात. येशूचा जन्म झाला तेव्हा मरिया आणि योसेफ यांना धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. पुष्कळ ठिकाणी मुले या प्रसंगाचा देखावा मांडतात. त्यासाठी मूठभर गवत किंवा कडबा, मातीचे गाय-वासरू आणि मेंढपाळांच्या लहान बाहुल्या एवढे साहित्य पुरते.

स्वयंपाकघरात तर घरातील सारी माणसे गोळा झालेली असतात. मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ आपल्या ओळखीचाच आहे. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू आणि चिवडा! त्यांच्या जोडीला केक असतो. घरी भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, तीत केकचे भांडे ठेवतात आणि झाकणावर निखारे घालतात. वर-खाली सारखी धग लागली म्हणजे केक छान फुगतो. मुलांच्या वाट्याला येणारे आवडीचे काम म्हणजे कलकल करणे. पिठाची लहानशी गोळी नव्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची; म्हणजे तिच्यावर शंखासारख्या रेषा उमटतात. मग ती तळून साखरेच्या पाकात घोळवतात.

हा फराळ तळलेला, भाजलेला आणि कोरडा का असतो, याचा विचार करून पाहा. ज्या पदार्थात पाण्याचा अंश कमी, तो लवकर नासत नाही. आठ-पंधरा दिवस तो डब्यात राहतो आणि आल्यागेल्याच्या हातावर ठेवता येतो. शिवाय तो सांडत नाही, म्हणून ताटात मांडून, वर रुमाल झाकून, लांबच्या घरीही नेता येतो. थोडक्यात, तो केवळ घरच्यांनी खाण्यासाठी नसून वाटण्यासाठी केलेला असतो.

सणाच्या आधीच्या रात्री गाणाऱ्यांची मंडळी कंदील घेऊन घरोघर जाते. पेटी, ढोलकी आणि टाळ यांच्या साथीने ती भजने व गीते गाते. यात आश्चर्य नाही. मराठीतून येशूचे चरित्र गाण्याची परंपरा चारशे वर्षांची आहे. इंग्लंडातून गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. नंतरच्या काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन आणि कीर्तन या आपल्या मातीतील प्रकारांतून तीच गोष्ट सांगितली. एखाद्या घरी आजारी माणूस असेल, तर गाणारी मंडळी ढोलकी थांबवून हलक्या आवाजात एखादेच गीत गाते. ही गोष्ट लहान आहे. परंतु सणाचा खरा अर्थ तीत आहे.

मुलांनो, नाताळच्या सकाळी उपासनेहून परतल्यावर प्रत्येक घरात ताटे भरली जातात. कोणाकडे कोणते ताट जायचे, हे आई किंवा आजी ठरवते, आणि ते झाकलेले ताट पोहोचवण्याचे काम मुलांचे असते. दिवाळीत याच वाटेने हिंदू शेजाऱ्यांकडून फराळ आलेला असतो आणि ईदला मुसलमान शेजाऱ्यांकडून शीरखुर्मा. गोव्यातही नाताळच्या गोडधोडाचे ताट शेजारीपाजारी पाठवण्याची जुनी चाल आहे. आज आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. परंतु एके काळी असे ताट पुढे करणे सोपे नव्हते आणि ते घेणे त्याहून कठीण होते.

ज्या काळात बेथेल वसले, त्या काळात कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या घरचे अन्न खाऊ नये, याचे नियम जातीने ठरवलेले होते. काही माणसांच्या सावलीचाही विटाळ मानीत. अशा समाजात एकाने पाठवलेली करंजी दुसऱ्याने खाणे म्हणजे ‘तू माझ्यासारखाच माणूस आहेस’ असे कबूल करणे होते. केवळ धर्म बदलला म्हणून हा भेद लगेच मनातून जात नसे. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे मोकळेपणाने सांगितले आहे. पतीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी त्यांचे स्वतःचे सोवळे-ओवळे कायम होते. पुढे मनाशी पुष्कळ विचार केल्यावर त्यांना पटले, की हे भेद देवाने केलेले नसून माणसांनी केलेले आहेत. तेव्हापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. एवढ्या विदुषीलाही जे विचारांती साधले, ते इतरांना एका दिवसात कसे साधावे? म्हणूनच एका दारातून दुसऱ्या दारात निर्धास्तपणे जाणाऱ्या ताटाचे मोल मोठे आहे.

ताट कोणाकडे पाठवावे, यातही एक जाण असते. जेथे वृद्ध माणसे एकटी राहतात, जेथे घरची बाई अंथरुणाला खिळली आहे, जेथे यंदा हंगाम बुडाला आहे, त्या घरांची आठवण आधी होते. ज्या घरी वर्षभरात कोणी वारले असेल, त्या घरी सणाचे गोडधोड करीत नाहीत. तेथे शेजाऱ्यांनी फराळ न्यावा, अशी मराठी घरांची रीत आहे. अशा घरी ताट देताना फार बोलायचे नसते. ताट ठेवायचे, थोडे बसायचे आणि घरच्या मुलांची चौकशी करायची. सणाच्या दिवशी कोणी आपल्याला विसरले नाही, एवढे समजले तरी दुःखी माणसाला धीर येतो. देणाऱ्याजवळ पुष्कळ असलेच पाहिजे, असेही नाही. चार करंज्यांतली एक दिली, तरी ते ताट भरलेलेच असते.

आणखी एक रीत आहे. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, असे आपल्या घरांतील वडीलधारी माणसे सांगतात. म्हणून ताट परत येताना त्यात चिमूटभर साखर, ओंजळभर बोरे, किंवा बागेतली दोन मोसंबी असतात. काही घरी तर ताट मुद्दाम ठेवून घेतात. नाताळ झाल्यावर वीस दिवसांनी संक्रांत येते. त्या दिवशी शेजारची मुले तेच ताट घासूनपुसून, तिळगूळ घालून, वर रुमाल झाकून घेऊन येतात आणि गोड बोलण्याची आठवण देऊन जातात. मग ताट पुन्हा फडताळात जाते, आणि पुढच्या सणापर्यंत तेथे आपल्या पाळीची वाट पाहते.