मिस्त्री आहे तोवर गाडी

जुन्या मोटारींवर लेख म्हटला की बहुतेक लिहिणाऱ्यांना राजवाडा आठवतो. रोल्स रॉइसच्या बोनेटवरची परी, महाराजांची शिकारीची गाडी, मागं उभा चोपदार. आमच्या कोल्हापूरकडंही तसं ऐश्वर्य आहे. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तेव्हा सोनं लुटायला जमलेली माणसं आधी तिच्याकडं वळतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मेबॅक कंपनीनं वीस वर्षांत सगळ्या मिळून दोन हजार मोटारीसुद्धा बनवल्या नाहीत. त्यांतली एक आपल्या सणाला रस्त्यावर धावते, याचा मला अभिमान आहे. पण राजेरजवाड्यांच्या गाड्यांवर इतकं छापून झालंय, की मी त्यात भर घालत बसत नाही. मुंबईची मंडळी, त्यांचे क्लब, दिल्लीत १९६४ पासून चाललेली स्टेट्समनची रॅली, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे.

मला लिहायचंय ते फियाटवर आणि जीपवर. शहरातल्या एका जाणकारानं मागं भर सभेत सांगितलं, की पद्मिनी ही 'क्लासिक' नव्हेच, ती टॅक्सी. त्यांचं नाव घेत नाही, पण ते वाक्य मला अजून मान्य नाही. ज्या गाडीतून तीन पिढ्यांची वऱ्हाडं गेली, बाळंतिणी माहेरी आल्या, जिच्यावर हजारो मिस्त्री हात धरून शिकले, तिला मान द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा?

फियाटची कुळकथा आपल्याच मातीतली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज-प्लिमथ जुळल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून 'अकराशे' येऊ लागली. तीच लोकांची 'डुक्कर फियाट'. पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, पाठ गोल, नाक बुटकं. मग सिलेक्ट, १९६४ ला डिलाइट, सत्तरच्या दशकात प्रेसिडेंट आणि लगेच पद्मिनी. नावं बदलली, पण बोनेटखाली तेच १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगला तोच हातातला गिअर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरून हळहळ छापली. त्या हळहळीतला दहावा हिस्सा जरी आधीच्या वीस वर्षांत दिसला असता, तरी कितीतरी चांगल्या डिलाइट भट्टीत जाण्यापासून वाचल्या असत्या.

माझी डिलाइट साठच्या दशकातली. ती आली तेव्हा वरून चकाचक होती आणि तिथूनच काम सुरू झालं. विकणाऱ्यानं पत्र्यावर लांबी थापून रंग मारला होता. आमच्या मिस्त्रींनी खिशातलं लोहचुंबक काढलं आणि दरवाजाखालच्या पट्टीवर फिरवलं. वर चिकटायचं, खाली सुटायचं. सुटेल तिथं पत्रा नव्हता, नुसती लांबी होती. जुनी गाडी घेणाऱ्यानं एवढं चुंबक जवळ ठेवलं तरी निम्मे वांधे टळतात. आमच्या आजऱ्यात तर हे हवंच. आंबोलीच्या कुशीतला हा तालुका, जूनपासून चार महिने हवेतच पाणी. गंज दिसतो तिथून सुरू होत नाही. मडगार्डच्या आतल्या घडीत, पायाखालच्या गालिच्याखाली, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात तो आधी बसतो. जमिनीचा पत्रा कापून नवा जोडायचा तर टिंकर पाहिजे. हातोडी आणि ठोकळा घेऊन सपाट पत्र्यातून गोलाई काढणारा टिंकर आता गडहिंग्लजपर्यंत शोधावा लागतो.

फियाटच्या पुढच्या चाकांचा जीव किंगपिनमध्ये. ग्रीस वेळेवर गेलं नाही की बुश झिजतो, चाक थरथरतं आणि स्टिअरिंग हातात नाचतं. तयार बुश मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून मागवले, तर 'ओरिजिनल' म्हणून भलतंच माप आलं. शेवटी मिस्त्रींनी जुना बुश घेतला, कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवाल्याकडं गेले आणि गनमेटलचे बुश जाणूनबुजून थोडे तंग कातून आणले. ते दाबून बसवले आणि मग रीमर हातानं फिरवत, पिन घालून बघत, पुन्हा फिरवत, पिन स्वतःच्या वजनानं अलगद सरकेल इथपर्यंत आणले. मापाचं यंत्र जवळ असूनही शेवटचा निकाल बोटांनी दिला.

तसंच पॉइंटचं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून प्लॅटिन पॉइंटमध्ये फिलर गेज घालायचं, स्क्रू हलका पिळायचा, पुन्हा गेज. गॅप कमी पडला तर पॉइंट जळतात, जास्त झाला तर गाडी धावताना अडखळते. टायमिंग लावताना मिस्त्री मला म्हणायचे, "अण्णा, डोळं मिटा आणि कान लावा." मग डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचे. इंजिनाचा आवाज एका जागी मोकळा होतो, तिथं ते थांबायचे. हे ऐकू यायला मला फार काळ लागला. एकदा ऐकू आलं की मग शेजारून जाणाऱ्या गाडीचंही दुखणं कळायला लागतं.

अपघात-आपत्तींची यादी मोठी आहे, पण घाटातल्या दोन सांगतोच. सावंतवाडीहून आंबोली चढताना उन्हाळ्यात फियाट हमखास बंद पडते. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो, गरमीनं पेट्रोलची आतच वाफ होते आणि कार्ब्युरेटरला काही पोचत नाही. नवखा माणूस प्लग काढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं सावलीला बसलं की गाडी पहिल्या सेल्फला उठते. दुसरी आपत्ती गरम होण्याची. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत. रेडिएटर क्षारानं चोंदलेला असला आणि काटा लालात गेल्यावरही 'घाट संपवू या' म्हणून रेटली, तर हेड वाकतं, पॅकिंग फुटतं, पाणी तेलात जातं. मग हेड फेस करून आणण्यावाचून गत्यंतर नसतं. उतरताना ब्रेकवर विसंबू नये, ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरावं. चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकची नळी एकच. ती फुटली तर चारही गेले.

ॲम्बेसिडरबद्दल एकच गोष्ट नोंदवतो, बाकी तिचे भाट पुष्कळ आहेत. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. ते योग्यच झालं, पण ज्या इंजिनांचं हेड बिडाचं आणि व्हॉल्व्हची सीट त्याच बिडात कापलेली, त्यांना शिशाचा लेप मिळेनासा झाला. जुन्या पेट्रोल ॲम्बेसिडरचे व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततात आणि टप्पेटचा गॅप आपोआप कमी होत जातो. त्यावर कडक पोलादाच्या सीटा बसवून घेणं हाच इलाज.

आता जीप. या डोंगरपट्ट्यात मोटार म्हणजे जीप, हे सांगायला नको. युद्ध संपल्यावर लष्करी माल लिलावात निघाला, त्यात विलीज आणि फोर्डच्या जीपगाड्या आल्या. २१९९ सीसी, ६० अश्वशक्ती. मग महिंद्रनं मुंबईत जुळणी सुरू केली आणि उंच बोनेटची सीजे-थ्री-बी देशभर पसरली. तिचं हरिकेन इंजिन म्हणजे अभ्यासाची वस्तू. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडात, एक्झॉस्ट खाली ब्लॉकात. पुढं याच जातीच्या जीपनं आजरा-गडहिंग्लज-चंदगड वडाप चालवलं, आत बारा, मागं लटकलेले वेगळे. वडापवाल्यांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, ते पोटासाठी. त्यांना मी कधी बोल लावणार नाही. माझं भांडण आहे ते हौशी मंडळींशी. लाख-दीड लाखाला जुनी जीप घ्यायची, हरिकेन भंगारात घालायचं, आत बोलेरोचं इंजिन, बाहेर रुंद टायर, बंपरला दिव्यांची माळ, आणि वर 'रिस्टोर केली' म्हणून मिरवायचं. रिस्टोर म्हणजे कारखान्यातून आली तशी करणं. बाकी जे करायचं ते खुशाल करा, पण त्याला दुसरं नाव द्या.

हरिकेन जपता येतं, हे मी पाहिलंय. एका ओळखीच्या जीपचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलं. वेल्डिंग केलं, बीड पुन्हा शेजारी तडकलं. नवं कुठं मिळेना. तेव्हा उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्यानं तुटक्या तुकड्यांवरून सागवानी पॅटर्न केला. थंड होताना बीड मीटरमागं सुमारे १० मिलिमीटर आटतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा घ्यायचा, शिवाय जिथं मशीन फिरणार तिथं थोडा माल जादा ठेवायचा. आतल्या पोकळीसाठी वाळूचा कोअर वेगळा. पहिल्या ओतकामात कोअर सरकला आणि एका बाजूची भिंत पातळ आली. त्यानं ते तिथंच फोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं. हिशेब पाहिला तर त्या माणसाला यात काही सुटलं नसणार. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आज मोठ्या कंपन्यांना हजारोंनी कास्टिंग पुरवतात. एका नगाचं काम अंगावर घेणारा मात्र उद्यमनगराच्या बोळातच भेटतो.

याच जिल्ह्याच्या हातांनी एकदा अख्खी मोटार केली होती, आणि त्यावर मी जमेल तिथं लिहीत आलोय. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. शाळा फारशी न शिकलेला हा माणूस चाळीसच्या दशकात छोट्या गाडीच्या मागं लागला आणि सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक नमुने करत राहिला. गाडीचं नाव 'मीरा'. इंजिन मागं, बांधा आटोपशीर, साध्या कुटुंबाला झेपेल अशी. ती रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, पण कारखाना उभा राहिला नाही. छोट्या मोटारीचं इरादापत्र १९७० साली दिल्लीत संजय गांधींना मिळालं आणि मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. संस्थानी काळात आमचा आजरा महाल इचलकरंजी जहागिरीतच होता, त्यामुळं मला मीरा घरचीच वाटते. मोटारींचे इतिहास लिहिणारे तिला तळटीपेत बसवतात. माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या कुठल्याही आढाव्यात मीरेला मेबॅकच्या बरोबरीची पानं मिळायला हवीत.

कायद्याचं थोडक्यात. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' मान्यता दिली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,०००. यात चांगलं हे, की पहिल्या पद्मिनीही आता या वयात आल्यात. वाईट हे, की अशी नोंदणी घेतली की गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. बाजाराला न्यायची नाही. नियम करणाऱ्यांनी एखाद्या मिस्त्रीला विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं की उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. सील वाळतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, टाकीत पाणी धरतं, उंदीर वायरिंग खातात.

त्यात आता इथेनॉलची भर. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर आलंय. आमच्या तालुक्याचं ऊस हे पीक, गवशाला साखर कारखाना, त्यामुळं इथेनॉलला नाही म्हणण्याचा प्रश्न नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण जुन्या गाडीवाल्यानं जागं राहायला हवं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, पंपाचा पडदा कडक करतं, कार्ब्युरेटरच्या पोटात पांढरी बुकटी साचवतं. शिवाय त्यात ताकद कमी, म्हणून मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, पडदा बदलावा, जेट एक माप मोठं करून बघावं. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर मिरगाच्या आधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करावा.

हे सगळं सांगणारे आमचे मिस्त्री आता थकलेत. गॅरेज बंद झालंय. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, बरं चाललंय, आणि त्यानं परत यावं असं म्हणायचा मला हक्क नाही. पण आजऱ्यात आज चांगल्या घरची पोरं लॅपटॉप जोडून गाडीचा दोष वाचतात, आणि कार्ब्युरेटर समोर ठेवला तर त्यातलं मेन जेट कुठलं हे त्यांना सांगता येत नाही. तो दोष पोरांचा नाही. त्यांच्या हातात ते कुणी दिलंच नाही. जुन्या गाड्यांचे सोहळे करणाऱ्या संस्थांनी चषकांवर खर्च होणाऱ्या पैशातून दोन पोरांना वर्षभर एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली ठेवलं, तर बरंच काही वाचेल. हे मी अनेकदा बोललोय आणि त्यावर माना डोलावण्यापलीकडं काही झालेलं नाही.

म्हणून आता मी मिस्त्रींकडं बसून मापं उतरवून घेतो. फियाटच्या किंगपिन बुशाचं बाहेरचं आणि आतलं माप, हरिकेनच्या मॅनिफोल्डची भोकं, कुठल्या ट्रॅक्टरची कुठली सील जीपला बसते, हे सगळं वहीत आहे. मॅनिफोल्डचा सागवानी पॅटर्नही जपून ठेवलाय. ज्याला हवं असेल त्यानं दिवाळीनंतर आजऱ्याला यावं, जमलं तर स्वतःच्या गाडीनं. चढावर बंद पडली तर पंपावर ओलं फडकं टाकावं.