वांग, छिद्रं आणि रत्नागिरीचं ऊन

मिरकरवाडा बंदरावर मासळी निवडणाऱ्या बाया काय, आंबा उतरवणारे गडी काय, चेहऱ्यावर ऊन आणि घाम दोन्ही. त्यात आंब्याच्या देठाचा चीक उडाला की कातडी भाजते आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. चीक लगेच साबणाने धुवावा.

नाकागालांवरची छिद्रं वाफेने उघडत नाहीत, बर्फाने मिटत नाहीत. त्यांना स्नायूच नसतो. तेलकटपणा, आनुवंशिकता आणि वयानुसार सैलावणारी त्वचा यांमुळे ती मोठी दिसतात. नायसिनामाइड किंवा रात्री लावायचं अ‍ॅडापॅलिन यांनी फरक पडतो, पण दोन-तीन महिने धीर हवा. गरोदरपणी अ‍ॅडापॅलिन नको.

वांगावर पहिलं औषध म्हणजे सनस्क्रीन: एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी. रंगछटा असलेलं बरं, त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं. लिंबू चोळून उन्हात जाणं तर डाग मागून घेणंच!

खरी भीती ‘गोरं करणाऱ्या’ स्टेरॉइड मिश्रणांची. आठवड्यात उजळपणा, मग पातळ लाल कातडी, पुरळ, लव. २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी शेजारणीची ट्यूब घरोघर फिरतेच. वापरत असाल तर एकदम थांबवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब नेऊन दाखवा.