तह-युद्धाचा मंत्री आणि बोलणारे प्राणी

सिंह, बैल आणि कोल्ह्याची पंचतंत्रातली गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती कन्नडमध्ये आणणारा दुर्गसिंह आपल्याच हुबळी-धारवाड भागातला. त्याचे गाव सय्यडी, म्हणजे रोण तालुक्यातले आजचे सवडी. १९९७ पर्यंत हा भाग धारवाड जिल्ह्यातच होता. दुर्गसिंह चालुक्य राजा दुसऱ्या जयसिंहाचा संधिविग्रही, म्हणजे तह आणि युद्ध पाहणारा मंत्री. १०३१च्या सुमारास त्याने वसुभागाच्या संस्कृत पंचतंत्रावरून गद्यपद्यमिश्रित चंपूकाव्य रचले. माझ्या मते राजनीतीचा हा विषय त्याच्या पदाशी थेट जुळणारा होता. पहिलेच प्रकरण भेदाचे. पाणी प्यायला निघालेला सिंह बैलाचा हंबरडा ऐकून थबकतो. कोल्हा ती भीती हेरतो, दोघांची मैत्री जुळवतो आणि पुढे कान भरून तीच मोडतो. दरबार जवळून पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट नुसती करमणूक वाटणे शक्य नाही.

कोणी म्हणेल, दरबारी चंपूला बालसाहित्य कसे म्हणायचे? खरे आहे, भाषा पंडिती आहे. पण पंचतंत्राची मूळ चौकटच मंद राजपुत्रांना शहाणे करण्याची आहे. दुसरा आक्षेप, हे तर भाषांतर. मग मराठीचे काय? तंजावरला सर्फोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली निघालेली ‘बालबोधमुक्तावली’ही इसापाच्या कथांचे भाषांतरच होती. परक्या गोष्टीला आपली भाषा देणे हेही लेखकाचेच काम. तेव्हा हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत इसापाबरोबर दुर्गसिंहाचेही नाव मुलांना सांगा.