वाल्तेल्लिनाचे दगडी बांध आणि एक मद्यकार घराणे

इटलीच्या उत्तर सीमेवर, स्वित्झर्लंडच्या पाठीला पाठ लावून, आदा नदीचे वाल्तेल्लिना नावाचे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले आहे. उत्तरेची थंडी आल्प्सच्या रांगा अडवतात, दक्षिणाभिमुख उतारावर दिवसभर ऊन पडते, आणि दुपारनंतर कोमो सरोवराकडून येणारा ‘ब्रेव्हा’ नावाचा उबदार वारा पानापानांतील ओल सुकवून टाकतो. द्राक्षाला याहून अधिक काय हवे, असे वाटावे. परंतु निसर्गाने ऊन दिले, वारा दिला, माती मात्र दिली नाही. नुसत्या खडकाच्या त्या उभ्या कड्यावर माणसांनी शतकानुशतके दगडावर दगड रचून बांध घातले, दरीतून पाठीवरच्या टोपल्यांनी माती वर नेऊन त्यांच्या मागे भरली, आणि मगच तेथे वेल लागला.

हे बांध कोकणातल्या गडग्यासारखे, चुना वा सिमेंट यांचा स्पर्श नसलेले. मोठा, सपाट तोंडाचा दगड दर्शनी बाजूस, त्याच्या पाठीमागे चिपांची भरण, आणि साऱ्या भिंतीचा कल किंचित डोंगराकडे. त्यामुळे पावसाचे पाणी फटींतून झिरपून जाते आणि भिंत फुगत नाही. दिवसभर तापलेला तोच दगड रात्री मुळांना ऊब देतो. सगळे बांध एका ओळीत मांडले तर ती लांबी सुमारे 2,500 किलोमीटर भरेल, असे सांगतात. विनाचुन्याच्या भिंती रचण्याच्या या कलेची 2018 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली, तेव्हा अर्ज करणाऱ्या आठ देशांत इटलीही होता. यंत्र येथे चढत नाही. छाटणीपासून तोडणीपर्यंतची कामे हातांनीच उरकावी लागतात, आणि एका हेक्टरामागे वर्षाकाठी हजाराहून अधिक तास खर्ची पडतात.

1512 पासून 1797 पर्यंत या खोऱ्यावर उत्तरेकडील, आज स्वित्झर्लंडात मोडणाऱ्या ग्राउब्युंडनच्या सत्तेचा अंमल होता. त्या काळी येथले मद्य खेचरांच्या पाठीवरून घाट ओलांडून उत्तरेस जाई. आणि नेपोलियनने तो अंमल उठवल्यावरही स्वित्झर्लंडची गिऱ्हाइकी सुटली नाही. द्राक्षाची जात नेब्बिओलो, स्थानिक बोलीत किआव्हेन्नास्का. याच द्राक्षाने पिएमोंतेतील बारोलोला जगद्विख्यात केले. वाल्तेल्लिनाच्या वाट्याला त्या कीर्तीचा अल्पांशही आला नाही, हा माझ्या मते रसिकांच्या न्यायबुद्धीवरचा डाग आहे.

या खोऱ्यातील सोंद्रिओ गावी पेलिझ्झात्ती पेरेगो घराणे 1860 पासून द्राक्षव्यवसायात आहे. 1970 च्या दशकात वडिलोपार्जित पेढी आणि तिचे प्रतिष्ठित नाव परहस्तगत झाले. नाव विकले गेले की घराणे संपले, असा व्यवहाराचा फैसला असतो. पण आर्तुरो पेलिझ्झात्ती पेरेगो यांनी तो मानला नाही. 1984 साली त्यांनी आपल्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘आर्पेपे’ हे नवे नाव घडवले आणि सास्सेल्ला, ग्रुमेल्लो येथील जुन्या बागांवर पुन्हा उभारणी आरंभली. त्यांची पहिली बाटली बाजारात आली ती 1990 साली. भांडवल गुंतवून इतकी वर्षे हात आवरून बसणे ज्याला साधते, त्याच्या निष्ठेबद्दल वेगळी ग्वाही लागत नाही.

ही सबुरी त्यांच्या पद्धतीतच मुरलेली आहे. इतर ठिकाणी तोडणी आटोपलेली असते, तेव्हा येथे ती ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रंगात येते. किण्वन होत असताना रस सालींच्या सहवासात दीर्घकाळ ठेवतात. नेब्बिओलोचा रंग मुळात फिका, तुरटपणा मात्र तीव्र. हा तुरटपणा घाईने बोथट करावा, असे या घराण्याला वाटत नाही. छोट्या नव्या पिंपांतील लाकडाचा वास मद्यावर स्वार होतो, म्हणून ओक, चेस्टनट, अकेशिया अशा लाकडांची पन्नास-पन्नास हेक्टोलिटरची जुनी, प्रचंड पिंपे वापरतात. त्यांत आणि पुढे बाटलीत मद्य वर्षानुवर्षे निवांत राहते. चाखणाऱ्याला प्रथम गुलाब, मग डांबराची पुसट झाक, आणि शेवटी खडकाची आठवण देणारी खारट चव लागते. बारोलोचा भारदस्तपणा येथे नाही, पण जी तरल, उंचावरची शुद्धता आहे ती मला अधिक प्रिय आहे.

आर्तुरो 2004 साली निवर्तले. तेव्हापासून इझाबेल्ला, एमानुएले आणि ग्विदो ही त्यांची मुले कारभार पाहतात, आणि वडिलांची वहिवाट त्यांनी मोडलेली नाही. ‘रोच्चे रोस्से’सारखी राखीव मद्ये केवळ उत्तम वर्षीच केली जातात, हंगाम साधला नाही तर त्या वर्षी ती मुळी होतच नाहीत. पण तशा वर्षीही अतिवृष्टीत बांध ढासळतोच, निसटलेली माती दरीकडे वाहतेच, आणि छाटणीच्या आधी दगड पुन्हा रचून ती पाठीवरून वर न्यावीच लागते. त्या मजुरीतून एकाही लिराची वा युरोची सूट मिळत नाही.